माझं घर नावाचं संग्रहालय

अर्ज भरताना एकही चूक करायची नाही, हे मुद्रितशोधकांनी आधीच ठरवलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, वकिलांच्या नोटिसा, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं होतं. निवृत्तीनंतर वर्षभरातच एका अपघातात कमरेखालचं अंग गेलं आणि चाकांची खुर्ची आली, पण नजर शाबूत होती. म्हणून फोनवर अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी अंदाजानं काही लिहिलं नाही. खणातून टेप काढली आणि बाहेरचा दरवाजा मोजला.

"छत्तीस इंच," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला घरात कुणी नव्हतं, पण छापखान्यात आकडे मोठ्यानं वाचायची पद्धत होती आणि ती काही सुटली नव्हती.

अर्ज होता 'सुगम सफर' नावाच्या ॲपचा. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा लोकांनी फिरायला निघण्याआधी बघायचं, की अमुक जागी पायऱ्या किती, दार केवढं, स्वच्छतागृहात खुर्ची वळते की नाही. माहिती लोकांनीच भरायची. हे ॲप त्यांच्या फोनवर मुलीनं घातलं होतं. मुलगी परदेशात संगणकाचं काम करायची आणि रविवारी अकरा वाजता फोन करायची.

"बाबा, घरात बसून बसून तुम्ही कॅलेंडरसारखे झालाय," ती म्हणाली होती. "कुणी पान उलटलं तरच हलता. जरा बाहेर पडा."

अपघातानंतर ती दीड महिना येऊन राहिली होती. तेवढ्यात तिनं सगळ्या चौकटी रुंद करून घेतल्या, उंबरे काढले, दारापुढे उतार बांधला, संडास-न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, दिव्यांची बटणं खाली आणली, ओटा कमी उंचीचा केला. घर इतकं सोयीचं करून ती परत गेली, की कुणी मदतीला यावं असं त्यात काही उरलंच नाही. सुरुवातीला शेजारी विचारायला यायचे, काही लागतंय का? काही लागत नव्हतं. मग तेही यायचे थांबले.

बाहेर पडण्याऐवजी मुद्रितशोधक ॲपमधल्या नोंदी वाचायचे आणि त्यातल्या चुका कळवायचे. एका बागेच्या नोंदीत 'सपाट रस्ता'च्या जागी 'सपाटा रस्ता' छापलं होतं. ते त्यांनी तीनदा कळवलं. शेवटी मुलगीच कंटाळली. "चुका कसल्या काढताय? एक नोंद स्वतः करून बघा ना. सरावाला आपल्याच घराची करा. नंतर पुसून टाका."

म्हणून हा अर्ज. ठिकाणाचं नाव? त्यांनी लिहिलं, 'माझं घर'. ठिकाणाचा प्रकार? यादीत बाग होती, किल्ला होता, समुद्रकिनारा, प्रार्थनास्थळ, संग्रहालय होतं. घर नव्हतं. कपाटात सत्तावीस शब्दकोश होते, तेव्हा सगळ्यांत कमी खोटं ठरेल ते म्हणून त्यांनी संग्रहालय निवडलं. वेळ? सकाळी दहा ते पाच, कारण दहाच्या आत त्यांचं आवरत नसे आणि पाचनंतर ते रेडिओ ऐकत. रविवारी बंद, कारण मुलीचा फोन. गर्दी असते का? नसते. माहिती सांगायला कुणी हजर असतं का? असतं. ठिकाणाचं वैशिष्ट्य? त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'शांतता'. मग खाली 'साठवा' असं बटण होतं ते दाबलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे साठवणं म्हणजे खणात ठेवणं. ॲपच्या समजुतीप्रमाणे ते जगजाहीर करणं होतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली.

दारात चाकांच्या खुर्चीत साधारण पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या आणि मागे, उतारावरून खुर्ची ढकलून धापा टाकणारा त्यांचा भाऊ.

"माझं घर हेच ना?" बाईंनी विचारलं.

"नाही, हे माझं घर आहे."

"हो, तेच."

"तेच म्हणजे माझं. तुमचं कुठलं?"

"आमचं लांब आहे हो. आम्ही माझं घर बघायला आलोय."

हे असं आणखी थोडा वेळ चाललं असतं, पण भावानं फोन पुढे केला. नकाशावर एक निळी टाचणी होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'माझं घर. संग्रहालय. चाकांच्या खुर्चीसाठी शंभर टक्के सोयीचं.' मुद्रितशोधकांनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"काहीतरी गोंधळ झालाय," ते म्हणाले. "इथे बघण्यासारखं काही नाही."

"ते जाऊ दे," बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडे ते न्हाणीघर आहे ना? नोंदीत लिहिलंय तसं?"

"आहे."

"मग आम्हाला तेच बघायचंय. आधी तेच."

मुद्रितशोधकांनी खुर्ची मागे घेतली. बाई आत गेल्या. भाऊ पाणी प्यायला आणि दोन दिवसांची हकिगत सांगू लागला. ताई ग्रंथपाल. वर्षभर रजा साठवून फिरायला निघालेली. किल्ल्यावर उतार होता, पण तिकिटाची खिडकीच तीन पायऱ्या वर. राजवाड्यात लिफ्ट होती, तिची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस जेवायला गेलेला. हॉटेलात खोलीचं दार मोठं आणि न्हाणीघराचं एवढंसं. बोलता बोलता वीस मिनिटं झाली. भावानं दारावर टकटक केली.

"ताई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. घाई करू नकोस," आतून उत्तर आलं.

बाहेर आल्या तेव्हा ग्रंथपालबाईंचा चेहरा काहीतरी मोठं बघून आल्यासारखा होता. "दोन दिवसांत पहिल्यांदा आतून कडी लावली मी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी हा दारात उभा. याला तरी किती छळायचं."

मग त्यांनी शब्दकोशांचं कपाट बघितलं. एक जुना कोश उघडून त्यातल्या समासात मुद्रितशोधकांनी केलेल्या खुणा बघितल्या, आणि एका खुणेवरून दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला. निघताना त्यांनी पुन्हा एकदा न्हाणीघर बघून घेतलं.

संध्याकाळी मुद्रितशोधक रेडिओबरोबर गुणगुणायला लागले तर घशातून आवाज नीट येईना. सर्दी म्हणावी तर नव्हती. मग लक्षात आलं, की आज आपण बरंच बोललो. बोलायची सवय राहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नोंदीखाली पाच तारे दिसले आणि ग्रंथपालबाईंचा अभिप्राय: 'या शहरात बघण्यासारखी एकच जागा आहे. दार आतून लावता येतं.'

हे वाचून मुद्रितशोधक धास्तावले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून चूक छापली गेली होती, आणि तीही जाहीर. त्यांनी ॲपच्या मदत-खिडकीत जाऊन लिहिलं, 'हे संग्रहालय नसून घर आहे. येथे एक एकटा माणूस राहतो. कृपया दुरुस्ती करावी.' तिकडे माणूस नव्हता, यंत्र होतं, पण यंत्राचं वळण फार नम्र होतं. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. दुरुस्ती केली आहे.'

त्यांनी नोंद उघडली. आता तिथे लिहिलं होतं, 'हे नुसतं संग्रहालय नसून घर आहे. येथे एकट्या माणसाचं राहणीमान प्रत्यक्ष पाहता येतं.'

मुद्रितशोधक बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष आणि इतकं चुकीचं वाक्य त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं. त्यांनी आणखी दोनदा कळवून बघितलं. पहिल्यांदा 'प्रत्यक्ष'च्या आधी 'अगदी' आलं आणि दुसऱ्यांदा फोटो मागवला गेला. तेव्हा त्यांनी नाद सोडला.

लोक येत राहिले. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा बेल वाजायची. बहुतेकांना न्हाणीघर हवं असायचं. तिथून सुटका झाली, की मग सभ्यपणा म्हणून ते बाकीचं संग्रहालय बघत. एक आजोबा ओट्याखाली खुर्ची सरकवून पाच मिनिटं नुसते बसून राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे मला चहासुद्धा करू देत नाहीत." मुद्रितशोधकांनी त्यांना चहा करू दिला. तो कडू झाला होता. दोघांनी प्यायला.

मग एका गुरुवारी एक ऑपरेटर आले. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी उभी हयात काढली होती. जन्मापासून दिसत नव्हतं. बरोबर बायको होती, ती आल्या आल्या म्हणाली, "दोन दिवस मीच यांना सगळं सांगतेय. आज माझी जीभ दुखायला लागली. तुमच्याकडे सांगणारा माणूस असतो म्हणे, तेव्हा मी बसते." आणि तिनं खरोखर दाराजवळच्या स्टुलावर बसून डोळे मिटून घेतले.

"मला सांगायची सवय नाही," मुद्रितशोधक म्हणाले. "मी वाचतो."

"मग वाचा," ऑपरेटर म्हणाले. "समोर जे आहे ते वाचा. डावीकडून."

मुद्रितशोधकांनी डावीकडून वाचायला घेतलं. कपाट, सहा फूट, लाकडी. त्यात कोश. कपाटाशेजारी खिडकी. खिडकीखाली वेताची खुर्ची. इथे ते थांबले.

"खुर्चीवर काय आहे?" ऑपरेटरांनी विचारलं.

"काही नाही. बायको बसायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणी बसत नाही."

"पुढे?"

"पुढे दार. चौकट नवीन आहे. जुनी अरुंद होती, खुर्ची अडकायची, म्हणून मुलीनं बदलून घेतली. जुन्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा होत्या. दर वाढदिवसाला तिची आई पेन्सिलनं करायची. सुतार ती चौकट घेऊन गेला. मला वाटलं होतं मुलीच्या लक्षात येईल. नाही आलं. कामाच्या गडबडीत होती ती."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सगळं माझ्यासाठीच चाललं होतं. काय सांगणार?"

ऑपरेटर उठले, चाचपडत दारापाशी गेले आणि नव्या चौकटीवर हात ठेवला. "दाखवा कुठं होत्या त्या."

मुद्रितशोधकांनी खुर्ची जवळ नेली, त्यांचं मनगट धरलं आणि चौकटीवर सगळ्यांत खाली आणलं. "हे तीन वर्षांची. हे चार. पाचव्या वर्षी गोवर आला होता, वाढलीच नाही, हे बघा, बोटभर. हे सात." नवव्या वर्षापर्यंत ते पोचले, पुढे बसल्या जागेवरून त्यांचा हात जाईना. तेव्हा ते नुसते "आणखी वर, आणखी थोडं वर" असं सांगत गेले आणि ऑपरेटरांचा हात एकटाच वर सरकत गेला, सतरापर्यंत. बायको एव्हाना जागी झाली होती आणि त्या हाताकडे बघत होती.

त्या रात्री ऑपरेटरांनी नोंदीखाली लांबलचक अभिप्राय बोलून टाकला. पाच तारे. चौकटीची सगळी हकिगत त्यात आली होती, गोवरासकट.

यानंतर पर्यटन कचेरीला जाग आली. तिथले साहेब हातात फाइल घेऊन आले, उतार मोजला, दांडे ओढून बघितले, चौकट मोजली आणि गंभीर झाले.

"सगळ्या निकषांत बसणारी शहरात ही एकच जागा आहे," ते म्हणाले. "आमची कचेरीसुद्धा बसत नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत."

"अहो, पण हे घर आहे."

"हो, आपल्या नोंदीत तसं आहेच. ते फार आवडलं सगळ्यांना."

"मला म्हणायचंय, की ही चूक आहे. ती दुरुस्त करा."

साहेबांनी फाइल मिटली. "अहो काका, चूक दुरुस्त करायची तर मला वर लिहावं लागेल, की शहरात अशी जागा एकही नाही. त्यापेक्षा आपण इथे एक पाटी लावू."

आठवडाभरात कोपऱ्यावर खांब रोवला गेला. त्यावर बाण होता आणि बाणाखाली, 'माझं घर, पन्नास मीटर'. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या दारात आल्या. "काका, बाण फक्त तुमच्याच घराला का?" त्यांनी विचारलं. "आमचं पण घर इथेच आहे. आमच्याकडे येणारे पाहुणे तुमच्याकडे शिरतात, आणि तुम्ही त्यांना चहा देऊन बसवून ठेवता. माझी नणंद काल इथेच तासभर होती म्हणे."

"त्यांना कोश बघायचा होता."

"तिला वाचता येत नाही चष्म्याशिवाय," वहिनी म्हणाल्या आणि वर गेल्या. पण दोन दिवसांनी त्या स्वतः येऊन जरा वेळ बसून गेल्या.

आता मुद्रितशोधक रोज दाढी करायला लागले. बिस्किटांचा डबा भरलेला असायचा. दहा वाजता ते दाराकडे तोंड करून बसत आणि उतारावर चाकांचा आवाज होतो का याकडे कान ठेवत. कधी दिवसभर कुणीच येत नसे. मग पाच वाजता दार लावताना उगाचच वाटे, की आपलं काही चुकलं का. असं वाटणं बरोबर नाही हेही त्यांना कळत होतं. घराचं दार लागल्याचं वाईट वाटायला आपण दुकान थोडंच उघडलंय?

मुलीला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. रविवारी ती विचारायची, "कसे आहात?" ते म्हणायचे, "बरा आहे." आणि मग दोघं हवामानाबद्दल बोलायचे.

फोन आला तो बुधवारी.

"बाबा, आपल्या बाथरूमला चार पूर्णांक आठ तारे आहेत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता. "एकसष्ट लोक येऊन गेलेत घरात. एकसष्ट. ओळख ना पाळख. तुम्ही एकटे राहता हे तिथे ठळक अक्षरात लिहिलंय. काय चाललंय हे?"

"मी दुरुस्ती पाठवली होती. तीनदा."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

"मी दर रविवारी विचारते, कसे आहात म्हणून."

"मग मी सांगतो ना, बरा आहे."

मग मुलगी म्हणाली, "आणि ते चौकटीचं. ते मला एका ऑपरेटरच्या अभिप्रायातून कळतंय. तिथे सगळ्यांना माहीत आहे, मला पाचव्या वर्षी गोवर आला होता."

मुद्रितशोधकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "हवा कशी आहे तिकडे?"

"ती नोंद मी इथूनच काढून टाकतेय, तुमचं खातं माझ्याकडेही उघडतं. आत्ताच. माझ्या लक्षात राहणार नाही नंतर."

"शुक्रवारी एक जण येणार होते. त्यांनी विचारून घेतलंय."

"बाबा, अनोळखी माणसं घरात घेऊन बसायचं नसतं. झालं, काढली. कारण मागत होतं, दिलं काहीतरी."

आणि खरंच झालं. शुक्रवारी कुणी आलं नाही. शनिवारी पर्यटन कचेरीची दोन माणसं आली, कोपऱ्यावरचा खांब उपटला आणि गाडीत टाकला. मुद्रितशोधक खिडकीतून बघत होते. त्यातल्या एकानं खिडकीकडे बघितलं, दचकून दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि दोघं जरा घाईनंच निघून गेले.

पुढचे आठ दिवस बेल वाजली नाही. वहिनी माहेरी गेल्या होत्या. मुद्रितशोधकांनी दाढी दोन दिवस केली, मग एक दिवसाआड, मग सोडून दिली. बिस्किटं नरम पडली. एकदा त्यांनी डावीकडून खोली मनातल्या मनात वाचून बघितली, पण ऐकणारं कुणी नसेल तर कपाटाच्या पुढे जावंसंच वाटेना. रविवारी मुलीनं विचारलं, "आता शांत वाटतंय ना?" ते म्हणाले, "हो, शांतता आहे."

सोमवारी साडेदहाला बेल वाजली.

त्यांनी दार उघडलं. उतारावर ग्रंथपालबाई होत्या, मागे भाऊ, आणि त्याच्या मागे ऑपरेटर आणि त्यांची बायको. सगळ्यांचे कपडे पांढरे होते. बाईंच्या मांडीवर फुलं होती.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"तुम्ही आहात?" ग्रंथपालबाई शेवटी म्हणाल्या.

"आहे."

"पण तुम्ही तर गेलात."

"कुठं?"

भाऊ शब्द शोधायला लागला. "म्हणजे, आम्हाला तसा निरोप आला. ॲपवरनं."

"आवाज तोच आहे," ऑपरेटर मागून म्हणाले. "मी खात्री देतो."

भावानं फोन पुढे केला. ज्यांनी ज्यांनी तारे दिले होते त्या सगळ्यांना निरोप गेला होता: 'आपण भेट दिलेलं ठिकाण मालकांच्या दुःखद निधनामुळे कायमचं बंद करण्यात आलं आहे.' मुद्रितशोधकांनी सवयीनं आधी विसर्ग तपासला. विसर्ग बरोबर होता.

त्यांनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. ती कसल्याशा बैठकीत होती. बाहेर येऊन बोलली.

"बाबा, बाकीच्या कारणांना सात दिवस लागत होते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हे एकच लगेच चालत होतं. मला वाटलं, कोण वाचतंय."

"चार माणसं वाचून आलीत. फुलं घेऊन."

"आत्ता? दारात आहेत?"

"हो."

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. मग तिकडून आवाज आला, "बाबा, त्यांना आत घ्या. उन्हात उभे करू नका." आणि थोड्या वेळानं, "मला माफ करा हं."

मंडळी आत आली खरी, पण बसल्यावर सगळ्यांचीच पंचाईत झाली. मेलेल्या माणसाच्या घरी काय बोलायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो समोर नरम बिस्किटं घेऊन बसला असेल तर काय बोलायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. गाडीत सगळ्यांनी त्यांच्याविषयी बरंच चांगलं बोलून घेतलं होतं, ते आता तोंडावर सांगायची चोरी झाली. ओळखही त्यांची एकमेकांशी तशी नवीच होती. निरोपाखाली ग्रंथपालबाईंनी दोन ओळी लिहिल्या, ऑपरेटरांनी उत्तर दिलं, आणि मिळून जाऊ असं ठरलं. फुलं कुठं ठेवायची हा प्रश्न होता. ऑपरेटरांच्या बायकोनं ती शेवटी पाण्याच्या तांब्यात ठेवली. त्यातल्या त्यात ते बरं दिसलं.

"तुम्हाला उगाच त्रास झाला," मुद्रितशोधक म्हणाले. त्यांना खरोखरच अपराध्यासारखं वाटत होतं. "एवढ्या लांबून आलात."

"गाडी केली होती," भाऊ म्हणाला. "खुर्ची आत चढवता येईल अशी. छोटी मिळाली नाही, म्हणून दोन खुर्च्यांची केली. दिवसभरासाठी."

"दिवसभर कशाला?"

"आम्हाला वाटलं, अशा वेळी लगेच उठून निघणं बरं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

ग्रंथपालबाई तांब्यातल्या फुलांकडे बघत होत्या.

"म्हणजे गाडी संध्याकाळपर्यंत आपली आहे," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या खुर्चीची जागा मोकळी आहे. काका, तुम्हाला आज काही काम आहे का?"

मुद्रितशोधकांनी खरोखर विचार केला. काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. "नाही," ते म्हणाले. "पण मी दाढी केलेली नाही."

"कुणी काही म्हणणार नाही," ऑपरेटर म्हणाले. "लोकांच्या हिशेबी तुम्ही नाहीच."

तळ्यावर जायचं ठरलं. ॲपवर तळ्याला 'पूर्णपणे सुगम' असा शेरा होता आणि तिथल्या उताराचा फोटोही होता. अपघातानंतर मुद्रितशोधक इस्पितळाखेरीज कुठेही गेलेले नव्हते. गाडीच्या खिडकीतून त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या, आणि त्यातल्या चुका मोजायचं सात-आठ पाट्यांनंतर विसरून गेले.

उतार खरंच चांगला होता. रुंद, दोन्ही बाजूंनी दांडे, मध्ये थांबायला सपाट जागा. दोन्ही खुर्च्या एकापाठोपाठ एक सरसर वर पोचल्या. वर बसायला चौथरा होता, आणि चौथऱ्याच्या कडेनं, कुणी पाण्यात पडू नये म्हणून, साडेचार फुटांची नवी कोरी भिंत बांधली होती.

भाऊ आणि ऑपरेटरांची बायको भिंतीपाशी गेले. "केवढं पाणी आहे," बायको म्हणाली. मग तिनं मागे वळून बघितलं आणि गप्प बसली. भाऊही ओशाळला. तो ताईला म्हणाला, "उचलू का?" ताई म्हणाल्या, "नको. परवा तुझी कंबर धरली होती." तोही मग भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

वारा पाण्यावरून येत होता. पलीकडे लाटांचा बारीक आवाज होता. तीन माणसं चौथऱ्यावर रांगेत होती, दोघं खुर्चीत आणि ऑपरेटर काठी टेकून उभे.

"काका," ऑपरेटर म्हणाले, "सांगा."

"इथून पाणी दिसत नाही," मुद्रितशोधक म्हणाले. "मध्ये भिंत आहे."

"बरं," ऑपरेटर म्हणाले. "मग भिंत सांगा."

ग्रंथपालबाईंनी आपली खुर्ची जरा जवळ आणली. मुद्रितशोधकांनी स्वतःची थोडी मागे घेतली, भिंत पूर्ण नजरेत येईल इतकी, आणि डावीकडून सुरुवात केली.